देवाच्या जेवणाची वेळ

"पंगतीत बसलेल्यांना वाढणं सोपं असतं गं. जे आले नाहीत, त्यांच्याकडे जाऊन यावं." माझी आई असं सांगायची. तिच्या शिकवणीमुळेच दारात उभं राहून 'कोणी भुकेलं आहे का?' अशी हाक घातल्यावाचून मी पानावर बसत नाही.

अठराशे सत्त्याहत्तर सालच्या दुष्काळात मी कल्याणला थोरल्या भावाकडे, अण्णांकडे राहत होते. घाटावरची माणसं मुलाबाळांसकट खाली उतरली होती आणि शहाडच्या वाटेवर सरकारने काढलेल्या कामावर खडी फोडत होती. गावच्या पंचमंडळींनी आधी घरटी कोरडा शिधा दिला. पण तो पुरुषांच्या हाती पडे आणि मुलांच्या पोटापर्यंत पोचता पोचता कुठेतरी विरून जाई. तेव्हा अण्णांनी नवी तऱ्हा सुचवली. शिधा बंद, त्याऐवजी मुलांना रोज देवळात शिजवलेलं अन्न. महिनाभर पाहायचं, मुलांना उपयोग होतोय असं दिसलं तर चालवायचं, नाही तर गुंडाळायचं.

पहिले काही दिवस ओवरी भरून गेली. मग मुलं गळू लागली. महिना सरत आला तेव्हा पंगतीला बैरागीच अधिक, आणि त्यांची अंगं मात्र छान भरलेली!

"गरज सरली म्हणायची," अण्णा म्हणाले. "शनिवारी पंचांना सांगतो, बंद करा. भुकेलं पोर कधी अन्न सोडून राहतं का?"

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी शहाडच्या वाटेने गेले. तिथे रंगूबाई भेटली. नगरकडची, नवरा मुंबईला काम शोधायला गेलेला, पदरी तीन लेकरं. थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. दोघांच्याही बरगड्या दिसत होत्या.

"बाई, मुलांना देवळात का आणत नाही?" मी विचारलं.

"आनली व्हती की! न्याहारीची सुट्टी झाली का पळत सुटायचं, पोरं पंगतीला बसवायची. पत्रावळ म्होरं, भाताचा वास नाकात, आन् वाढाया कुनी तयार न्हाई. इचारलं तर म्हनत्यात, नैवेद्य व्हायचाय." तिने कपाळावर हात मारला. "आक्का, तुमचा द्येव लई दमानं जेवतो. आन् आमचा मुकादम लई घाईनं घंटा बडवतो. येळ झाली की हजेरी कापतो. मंग पोरं उठवायची, तशीच उपाशी."

"मुलांना तिथेच ठेवून गेलीस तर?"

"ह्या एवढ्याशा पोरीच्या भरवशावर? गाड्याबैलांची वाट हाय ती!" मग आवाज खाली करून म्हणाली, "देवळातली पंगत बंद करनार म्हनं तुमी. तेवढीबी आशा गेली तर थोरलीला कुनाच्या तरी दारी कामाला ठिवीन. तिचं तरी प्वाट भरंल."

पोरीने आईचा पदर घट्ट धरला.

परतताना माझं मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. देवळातली पूजा अण्णांकडे, आणि नैवेद्य त्या पूजेनंतर. अण्णांची पूजा म्हणजे अभिषेक, सहस्रनाम, आरत्या, आणि मध्येच आठवलेलं एखादं स्तोत्र. आमच्या घरी सगळे जन्मभर तसेच थांबत आलेले. नैवेद्याआधी अन्नाला हात लावणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे पंगत कशाने अडते हे आम्हाला दिसलंच नाही.

अण्णा हात धुऊन सुपारी कातरत बसले होते. मी हळूच सगळं सांगितलं. पोरीने पदर धरला, तेही.

"म्हणजे देवाची पूजा उरकून टाकू? मुकादमाच्या घंटेवर?" अण्णा तडकले.

"उरकू नका. पण अण्णा, मुलं आली नाहीत ती पोट भरलं म्हणून नव्हे. आपणच त्यांना उठवून लावलं."

दाराआडून गोदावहिनी म्हणाल्या, "देव सोसतो हो. लग्न झाल्यापासून मीही सोसतेय. पोरांनी कशाला सोसायचं?"

"तुम्ही आतून बोलू नका!"

"मग बाहेर येऊन बोलते," म्हणत वहिनी खरंच उंबऱ्यात आल्या. अण्णांच्या मिशा हलल्या. हसू दाबताना त्या नेहमी हलत. मग त्यांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला.

"एक श्लोकही गाळणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"नका गाळू."

"पण त्या बाईला निरोप धाड. उद्यापासून तिच्या सुट्टीआधी नैवेद्य झालेला असेल. पानं वाढून तयार. मी शब्द देतो म्हणावं. आणि पोरीला कुठे ठेवू नकोस म्हणावं."

"पंचांना काय सांगणार?"

"सांगेन, अजून महिनाभर पाहू. या महिन्यात आपण मुलांच्या भुकेची नव्हे, माझ्या पूजेचीच परीक्षा घेतली." असं म्हणून त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपवला.

निरोप ऐकून रंगूबाईने नुसती मान हलवली. तिचा विश्वास बसला नसावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तुळशीपाशी दिवा लावत होते. आभाळात अजून चांदण्या होत्या. आतली कडी अलगद निघाली. ओल्या पंच्याने अण्णा बाहेर आले, एका हातात पूजेचं ताम्हन, दुसऱ्या हातात खडावा. वाजून घर जागं होऊ नये म्हणून काढलेल्या. मी दिसताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि अनवाणीच अंगण ओलांडून देवळाच्या वाटेला लागले.