दोन पार्कांच्या मधली खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची एक म्हातारी खुर्ची आहे आणि खरे सांगायचे तर दमले आहे. तुम्ही मला व्हीलचेअर म्हणता. माझ्या उजव्या हाताचे रेक्झिन फाटले आहे, पुढचे डावे चाक चालताना कुरकुरते आणि पाय ठेवायच्या दोन पट्ट्यांपैकी एक कायम लोंबकळत असते. तरी ऐका. फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या छपराखाली, कारखान्यात झाला. नळ्या वाकवणारा वेगळा, चाके बसवणारा वेगळा, बैठक शिवणारी बाई वेगळी. सगळ्यात शेवटी एक जाडजूड तपासनीस आला. तो अंगाचा सगळा भार टाकून माझ्यावर बसला, दोनदा उसळला आणि म्हणाला, "चालेल." कौतुकाचा तेवढा एकच शब्द मी पुढे कितीतरी वर्षे पुरवून पुरवून वापरला.

तिथून मी एका दुकानात आले. दुकान कसले, लांबलचक रस्त्यावरची एक टपरीच. बाबागाड्या, छत्र्या आणि आम्ही चार खुर्च्या भाड्याने मिळायच्या. दुकानदाराच्या खिशात कायम नट आणि बोल्ट खुळखुळायचे, म्हणून सगळे त्याला नटबोल्टकाका म्हणत. रस्त्याच्या एका टोकाला बुरुजांचे पार्क होते, दुसऱ्या टोकाला तळ्याचे. दोन्हीकडे राहायची सोय, दोन्हीकडे राइड, दोन्हीकडे मोठमोठ्या पाट्या. आणि दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य! याने उंच पाळणा उभारला की त्याने त्याहून उंच उभारायचा. एकदा बुरुजवाल्यांनी मुलांना टोप्या फुकट वाटल्या, तर तळेवाल्यांनी टोपीबरोबर शिट्टीही दिली. महिनाभर आमच्या रस्त्यावर कुणाला दुसरे काही ऐकू आले नाही.

लोक दुकानात आले की पहिला वाद हाच. सुट्टीला कुठले बरे? बुरुजांचे की तळ्याचे? मला कुणी विचारत नसे. पण दोन्हीकडे आतबाहेर करणारी मीच होते आणि माझे मत चाकांनी बनवलेले होते. बुरुजांच्या पार्कात सगळीकडे गोटे बसवलेले. दिसायला झकास, पण एकेक गोटा बसणाऱ्याच्या दाढेपर्यंत पोचायचा. चढ असा की ढकलणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. लिफ्टवरची 'बंद आहे' ही पाटी मात्र कधी बंद पडली नाही. तळ्याकडे रस्ता गुळगुळीत, झाडे दाट, बाकडी भरपूर, कुठेही पायरी नाही. तिथे एकच दुःख, सगळे काही एकमेकांपासून लांब लांब. पण चाकांना लांबचे काय? मी आपली तळ्याच्या बाजूची होते.

बाकी दुपारी दोनच्या सुमाराला दोन्ही पार्के सारखीच दिसायची. मुले रडवेली, बाप पिशव्यांनी वाकलेले, आया रांगेत एका पायावरून दुसऱ्या पायावर. सुट्टीत माणसे जेवढी भांडतात तेवढी घरी भांडत नसावीत. घरी निदान रागाने जाऊन बसायला वेगळी खोली असते.

अशाच एका सकाळी एक कुटुंब दुकानात आले. दोन भाऊ, दोघांच्या बायका, थोरल्याची दहा वर्षांची मुलगी, धाकट्याचा सहा वर्षांचा मुलगा आणि भावांची आई. आई अंगाने बारीक, केस पांढरेशुभ्र, आणि गुडघे पार गेलेले. तीस वर्षे तिने एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात उभे राहून इस्त्री केली होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. त्या तीस वर्षांनी मुलांना शिकवले आणि गुडघे खाल्ले.

थोरल्याला बुरुजांचे पार्क हवे होते, धाकट्याला तळ्याचे.

"अरे, सगळं जग तिकडे जातंय," थोरला म्हणाला.

"जग जातंय म्हणूनच नको," धाकटा म्हणाला. "आईला गर्दी सोसते का?"

"आईचं नाव पुढे करू नकोस. तुला पोहायचंय, सरळ सांग ना!"

"बरं, आणि तुला फोटो काढायचेत, ते?"

शेवटी तह झाला. आज बुरुज, उद्या तळे. मग पुढच्या वर्षापासून जे चांगले ठरेल तिथे. आईचे मत कुणी विचारले नाही. ती माझ्यावर बसली आणि पायाची लोंबणारी पट्टी तिने स्वतःच काठीने सरळ केली. तेव्हाच मला ती आवडली.

बुरुजांच्या पार्कात सकाळ धक्के खाण्यात गेली. तीन वाजता तिथे वाजतगाजत मिरवणूक निघायची. ढोल सुरू झाले आणि सगळी गर्दी एका बाजूला लोटली. थोरल्याने मला एका बुरुजाच्या सावलीत उभे केले, दोन्ही ब्रेक लावले, लेकीचा हात धरला आणि भावाला ओरडून सांगितले, "मी पुढे जाऊन जागा धरतो, तू आईजवळ थांब!"

ढोलांच्या आवाजात धाकट्याला ऐकू आले ते एवढेच, 'पुढे', 'जागा धर'. तो लेकाला खांद्यावर घेऊन दुसऱ्या बाजूने पुढे पळाला. दोघी जावा पाणी आणायला गेल्या होत्या, त्या परस्पर आपापल्या नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. थोरल्याला वाटले, आई धाकट्याजवळ आहे. धाकट्याला वाटले, आई थोरल्याजवळ आहे.

मित्रांनो, सावली एका जागी थांबत नाही, आणि ब्रेक लावलेली खुर्ची हलत नाही. ऊन आधी तिच्या पावलांवर आले, मग गुडघ्यांवर, मग मांडीवर. माझ्या नळ्या तापू लागल्या. ब्रेकचे दांडे कडक होते. तिने दोनदा वाकून ओढून पाहिले, हात पुरला नाही. तिने हाका मारल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. इतकी वर्षे मी माणसे वाहिली, पण माझ्या दोन ब्रेकांची लाज मला त्या दिवशी वाटली.

पाऊण तास तरी झाला असेल. एक झाडूवाली लांब दांड्याचे सुपडे घेऊन तिथे आली. चाळिशीची असेल. चपलांच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या. दोनदा पुढे गेली आणि दोनदा वळून आली.

"आजी, कुणाची वाट बघताय?"

"उन्हाची," आई म्हणाली. "पायापासून सुरुवात केलीये त्याने. आता मांडीपर्यंत आलंय."

"अगं बाई! आणि तुमची माणसं?"

"ती मिरवणूक बघताहेत. दोन मुलगे आहेत मला. एकच असता तर विसरला नसता."

झाडूवालीने हसू दाबले आणि खाली वाकून माझे ब्रेक सोडले. "चला, आधी सावलीत. माझी पण पाय टेकायची वेळ झालीच आहे."

तिने मला एका भिंतीमागे नेले. पाहुण्यांना तिथे जायला बंदी होती. इतकी वर्षे येऊन मीही तो भाग पाहिला नव्हता. मागे एक साधे अंगण होते. दोरीवर मिरवणुकीचे झगे वाळत होते. बाकड्यावर अस्वलाचे मोठे डोके ठेवलेले होते आणि त्याच्या शेजारी अस्वल झालेला माणूस घामाने निथळत चहा पीत होता. कोपऱ्यात एक टेबल, त्यावर इस्त्री, आणि बाजूला चुरगळलेल्या कपड्यांचा हा एवढा ढीग.

आईची नजर त्या ढिगावर गेली ती तिथून हलेना.

"ही इस्त्री कोण करतं?"

"ज्याला वेळ मिळेल तो," अस्वल म्हणाला. "म्हणजे कुणीच नाही."

"दिसतंय ते. कॉलर पुढून दाबलीय, म्हणून पोळीसारखी फुगलीय. आण इकडे."

"अहो आजी, तुम्ही कशाला..."

"आण म्हटलं ना."

टेबल माझ्या उंचीला नेमके आले. तिने बोटाला पाणी लावून इस्त्रीचा ताव पाहिला आणि पहिला झगा ओढला. मित्रांनो, माझ्यावर बसलेली माणसे बहुतेक वेळा स्वतःला सावरून, आखडून बसतात. त्या दुपारी माझ्यावरचा भारच बदलला. ती पुढे झुकली, तिचे खांदे सुटले, हात असा चालू लागला की जणू मधली वर्षे गेलीच नव्हती. ती बोलत होती, इस्पितळातल्या एका तापट डॉक्टरची नक्कल करत होती. झाडूवाली हसून हसून डोळे पुसत होती.

"मी बारा तास उभी असते," झाडूवाली मध्येच म्हणाली. "आत्तापासूनच गुडघे बोलायला लागलेत."

"बोलतात तोवर ऐक त्यांचं," आई म्हणाली. "मी नाही ऐकलं. म्हणून आता ही खुर्ची."

एवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या, चाकांच्या खुर्चीवरच्या, पंचाहत्तर वर्षांच्या बाई हरवल्या आहेत.

आईने इस्त्री उभी केली. "वर्णन तर माझंच दिसतंय. दोन वर्षं उगाच वाढवलीत मेल्यांनी."

अस्वलाने जाऊन निरोप दिला आणि दोन्ही मुलगे धावत आले. थोरल्याचा चेहरा पांढरा पडला होता. धाकटा चक्क रडत होता.

"आई, न सांगता कुठे गेलीस? जीव गेला असता आमचा!"

"तुम्ही तरी कुठे सांगून गेलात?"

मग दोघे एकमेकांवर तुटून पडले. तू म्हणालास, मी नाही म्हणालो, तू ऐकत नाहीस, तुझं नेहमीचंच. थोरली सून झाडूवालीचे आभार मानत राहिली. धाकटी सून मात्र टेबलावरच्या नीट रचलेल्या चळतीकडे बघत होती, आणि मग सासूच्या हातांकडे.

दुसऱ्या दिवशी तळे. रस्ता लोण्यासारखा, वर दाट सावली. माझी चाके सुखावली. पण काय सांगू, आईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती! कालच्या चुकीची भरपाई चालली होती. दोन्ही मुलांचे दोन हात दिवसभर माझ्या मुठींवर. टोपी घाल, पाणी पी, ऊन लागतंय का, वारं लागतंय का. ती स्वच्छतागृहात गेली तर दोघे दाराबाहेर पहारा देत उभे. नावेत तिला बसवलेच नाही, पाय घसरला तर म्हणून. ती दिवसभर हो म्हणत राहिली. माझ्यावरचा भार पुन्हा पहिल्यासारखा झाला, आखडलेला.

संध्याकाळी मला परत करायला सगळे दुकानात आले. नटबोल्टकाकांनी चाके पुसता पुसता विचारले, "काय मग, कुठलं पार्क सरस?"

थोरला काही बोलण्याआधीच धाकटा म्हणाला, "तळ्याचं! प्रश्नच नाही. काल काय झालं माहितीये ना?"

थोरल्याने मान खाली घातली. "बरोबर आहे. आईसाठी तळ्याचंच."

"मला बुरुजांचं आवडलं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"अगं पण तिथे तर आम्ही तुला विसरलो!"

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर तेवढा वेळ मला मिळाला."

ती रागावून बोलली नव्हती. दहा वर्षांची नात तेवढी हसली, तिला गंमत वाटली. आणि मी इतकी वर्षे पार्के नुसती रस्त्यांवरून तोलत आले होते.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. बरोबर फक्त धाकटी सून. दोघे भाऊ आपापल्या कामात होते, असे सून म्हणाली. खरे खोटे मला ठाऊक नाही. सुनेने मला दुकानाबाहेर घेतले. एका हाताला एक पार्क, दुसऱ्या हाताला दुसरे. मग ती माझ्या मागून पुढे आली, सासूसमोर उकिडवी बसली आणि तिने विचारले, "आई, तुम्हाला कुठे जायचंय?"

आई बराच वेळ काहीच बोलली नाही. मला आधी वाटले, तिला ऐकू आले नसेल. तसे नव्हते. या प्रश्नाची तिला सवयच नव्हती.

"थांब जरा," ती शेवटी म्हणाली. "विचार करू दे."

सून तशीच बसून राहिली. घाई केली नाही.

पुढे दोन्ही पार्कांनी विजेवर चालणाऱ्या खुर्च्या आणल्या आणि नटबोल्टकाकांनी दुकान बंद केले. मला त्यांनी एका छोट्या दवाखान्याला देऊन टाकले. आता मी जिन्याखाली असते. कुणी माझ्यावर खोकी ठेवतात, कुणी ओले रेनकोट टाकतात. महिन्यातून एखादा पेशंट दारापासून तपासणीच्या खोलीपर्यंत, बस्स. तक्रार नाही. दमलेल्याला तेवढे पुरे.

पण मित्रांनो, तुम्हाला कधी एखादी खुर्ची ढकलावी लागली तर माझे दोन शब्द लक्षात ठेवा. चाकात तेलाचे चार थेंब घाला, नटबोल्ट आवळा, एवढे आमच्यासाठी. आणि मागे उभे राहून जे बोलाल ते पुढे बसलेल्याला नीट ऐकू येत नाही, विशेषतः प्रश्न. म्हणून थोडे कष्ट घ्या. मूठ सोडा, समोर या, खाली बसा आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तिथेच बसा.