दार नसलेलं घर

त्या नामांकित शिल्पकाराला दारांचा तिटकारा होता. त्याने स्वतःसाठी बांधलेल्या घरात आत एकही दार नव्हतं. शंखासारखी वळत जाणारी एकच भिंत होती आणि तिच्या शेवटच्या वळणाला न्हाणीघर. दुपारचं ऊन त्या भिंतीवरून असं सरकायचं की बघणारा बोलणं विसरायचा. घर विकायला निघालं तेव्हा दातांच्या एका डॉक्टरने ते पाहताक्षणी घेतलं.

दर रविवारी तो पाहुण्यांना घर दाखवायचा. एकदा सगळे शेवटच्या वळणाशी पोहोचले, तर त्याचे म्हातारे वडील कमोडवर बसलेले. त्यांनी धडपडत टॉवेल मांडीवर ओढला.

"हे शिल्प मात्र मूळ घरात नव्हतं," डॉक्टर म्हणाला. पाहुणे पोट धरून हसले. मग वडीलही हसले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, निदान पडदा तरी लावा. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"पडदा लावला तर घराची शान काय राहिली? आणि या वयात लाज कसली?"

तेव्हापासून वडील शनिवार दुपारपासूनच पाणी प्यायचे नाहीत. शेवटी एका रविवारी ते पाहुण्यांसमोरच कोसळले.

"पाणी का पीत नव्हते हे?" दवाखान्यातल्या नर्सने विचारलं.

"हट्टी स्वभाव, दुसरं काय!" म्हणत मुलगा घाईने परत निघाला, घरी पाहुणे ताटकळले होते.

सून उशाशी बसून चमच्याने पाणी पाजू लागली. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"पोरी, आज रविवार तर नाही ना?"

"नाही बाबा," ती म्हणाली. तेव्हा कुठे ते प्यायले.