शिवेचा मार

मित्रांनो, मी वाळुंजाच्या लाकडाची एक जुनी काठी आहे, आणि सूड उगवल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

माझं गाव इंग्लंडमधलं, विदरकोट. शेकडो वर्षांचं दगडी चर्च, अंगणात त्याहूनही म्हातारं झाड, ओढ्यावर कमानीचा पूल आणि पलीकडे पाणगिरणी. दर वसंतात सगळं गाव गायरानाच्या शिवेवरून चालायचं. शिवेच्या प्रत्येक दगडावर मुलांना बसवायचे आणि मी हलकेच मारायची, म्हणजे शीव जन्मभर लक्षात राहावी. फार दुखायचं नाही हो! नंतर गोड पाव मिळायचा.

पुढे हार्डी नावाच्या जमीनदाराने गिरणीजवळचा दगड गुपचूप उपटून चर्चमागे रोवला. मधलं गायरान त्याच्या कुंपणात गेलं. माझे मालक, दरवर्षी मला घेऊन पुढे चालणारे म्हातारबाबा, एकटेच भांडले, तर लोकांनी त्यांनाच वेडं ठरवलं. वेडे म्हणवून घेतच ते वारले.

त्यांची मुलगी ॲन मला घेऊन कुवेतला आली, शाळेत शिकवायला. शेजारच्या लीनाताईंनी हकीकत ऐकली नि म्हणाल्या, "म्हणजे बांधच कोरला की मेल्याने!" त्यांच्या कडेवरच्या लेकीला, कौमुदीला, दात येत होते. ती माझी मूठ चावायची. तेवढाच माझा राग निवायचा.

१९९८ साली कुवेतमधल्याच मीना अब्दुल्ला या ठिकाणच्या तेलाच्या रिफायनरीत राजनरावांना, म्हणजे लीनाताईंच्या यजमानांना, नवे साहेब आले. त्याच हार्डीचा मुलगा!

"जेवायला बोलवा त्यांना. ॲनलाही," लीनाताई म्हणाल्या.

"लीना, नोकरी जाईल माझी."

"मी फक्त पुरणपोळी वाढणार आहे."

शुक्रवारी दुपारी ॲनने मला साहेबांच्या हातात दिलं. ते खळखळून हसले. "अरे, हिचा मार खाल्लाय मी! गिरणीजवळच्या दगडावर. ओढ्यात घसरलो, चड्डी भिजली होती!"

"गिरणीजवळच्या?" लीनाताईंनी तूप वाढता वाढता विचारलं. "पण तुमचे वडील तर म्हणतात, दगड पहिल्यापासून चर्चमागेच होता."

साहेबांचा घास हातातच राहिला.

"गावच्या सभेत तू सांगशील," ॲन म्हणाली, "का आज काय बोललास ते आम्ही तिघांनी कळवायचं?"

सुट्टीत गावी जाऊन साहेबांनी सभेत खरं सांगितलं, बापाच्या समोर. दगड जागेवर गेला. राजनरावांची बढती मात्र अडली. "अडू दे," लीनाताई म्हणाल्या.

म्हातारा हार्डी आता मान खाली घालून हिंडतो म्हणे. ऐकून मला गार वाटतं.

मुलांनो, आपल्या गावाची शीव एकदा पायांनी चालून या. आणि तिच्यासाठी कुणी म्हातारा एकटाच भांडत असला, तर त्याला वेडं म्हणण्याआधी त्याच्यासोबत चाला.