कापलेल्या कोपऱ्याचा डाग

लेकीच्या घरी कायमचं राहायचं की नाही, हे बाबांचं अजून ठरत नव्हतं. "थोडे दिवस राहून बघतो, जमलं तर जमलं," असं म्हणून ते शिलाई मशीनसकट आले होते, पण जुन्या खोलीची किल्ली कोटाच्या आतल्या खिशात होती. लेकीचं मात्र केव्हाच ठरलं होतं. थंडगार फरशीने बाबांचे गुडघे धरतात म्हणून त्यांच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात तिने नवीन जमीन घालायचं काढलं, आणि निवडायला त्यांनाच सोबत नेलं.

दुकानदाराने आधी विनाइल दाखवलं. चकचकीत, वर लाकडाची नक्षी. लेक जवळजवळ भुललीच होती. बाबांनी तुकडा उलटा केला. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, कापड उलटून पाहायची सवय जाते थोडीच! नक्षी नुसती वरच्या पापुद्र्यावर होती. मग त्यांनी लिनोलियमचा तुकडा उचलला. कडेला नख लावलं, तर वरचा रंग तळापर्यंत आरपार. मागे तागाचं विणलेलं कापड. नाकाशी धरलं, तर तेलाचा वास.

"जवसाचं तेल," दुकानदार म्हणाला. "त्यात लाकडाचा भुसा, बुचाची पूड, चुनखडी. ते सगळं लाटून तागावर बसवतात."

"म्हणजे कापडच की हे!" बाबांची कळी खुलली. "हे घे गं. याचं पोटात एक आणि ओठात एक असं नाही."

"पण याची निगा राखावी लागते, बाबा."

"माझी राखतेसच की. त्यात आणखी एक."

फिकट राखाडी रंग ठरला. मिस्त्री जमीन बसवून गेला त्याच दिवशी लेकीने फर्मान काढलं. "बादलीने पाणी ओतायचं नाही. पोछा घट्ट पिळून घ्यायचा. साबण सौम्य, तोही चमचाभर. आणि सोड्याचा डबा कुणाच्या हातात दिसला, तर माझ्याशी गाठ आहे. सोड्याने तेलाचा साबण होतो. जमीनच धुऊन जाईल."

"बरं, फौजदारसाहेब," बाबा म्हणाले.

"तुमचं सोपं आहे," जावई वर्तमानपत्राआडून म्हणाले. "मला इथे चालायलाही परवाना काढावा लागतो."

बाबांनी मशीन कोपऱ्यात मांडलं. टाचण्या पडतील, तेलाचा थेंब ठिबकेल, म्हणून खाली जाड लोकरी कापडाचा तुकडा अंथरला. कुठल्याशा कोटातून उरलेला तुकडा होता तो, कॉलरसाठी एक कोपरा कापून घेतलेला. दिवस मजेत चालले. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, शेजारणीच्या झग्याची कंबर सैल झाली. गुडघे कुरकुरायचे थांबले.

एक दिवस कापड झटकायला म्हणून त्यांनी ते ओढून काढलं. खालची जमीन पिवळी पडली होती. जुन्या कागदासारखी पिवळी.

तेल! दुसरं काय असणार? झिरपलं असणार कापडातून. त्यांनी पोछा घट्ट पिळून, चमचाभर साबण घेऊन, सगळे नियम पाळून घासलं. डाग हलेना. त्यांनी कापड परत जसंच्या तसं अंथरलं आणि त्या दिवसापासून मशीनला तेल देणं सोडून दिलं.

"मशीन का हो कुरकुरतंय?" लेकीने विचारलं.

"म्हातारं झालंय."

रोज सकाळी ते कापड थोडं वर करून बघत आणि घाईघाईने खाली सोडत. डाग जास्तच गडद वाटे. पोरीने एवढ्या हौसेने, आपल्या गुडघ्यांसाठी घातलेली जमीन! पाहुण्यासारखं आलं, तर पाहुण्यासारखं वेळेवर उठावंही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"आता निघावं म्हणतो," ते एका सकाळी म्हणाले. "खोली बंद पडलीय किती दिवस."

लेकीचा चेहरा उतरला. "कुणी काही बोललं का?"

"छे गं."

ते मशीन उचलायला वाकले तशी ती हात लावायला आली. दोघांनी मशीन ओढलं, त्याबरोबर कापडही सरकलं.

"माझ्याच हातून झालं," बाबा खाली मान घालून म्हणाले. "तेल सांडलं. तुझी नवी जमीन..."

लेक उकिडवी बसली. डागाकडे बघितलं, कापडाकडे बघितलं, पुन्हा डागाकडे. "बाबा, हा कोपरा बघा जरा."

डागाचाही एक कोपरा कापलेला होता.

"तेल काय कॉलर बेतून सांडतं?"

बाबा बघतच राहिले. आयुष्य कापड बेतण्यात गेलं, आणि आपल्याच कात्रीचा काप ओळखू आला नाही!

लेक मात्र हसता हसता ओशाळली. त्यांचा हात धरून तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि भांडी घासायच्या जागेपुढची चटई उचलली. खाली तसाच पिवळा चौकोन. "मला वाटलं, माझ्या साबणाने झालं. तुम्हाला एवढे नियम शिकवले, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"वा! फौजदारच फरार!" बाबा खदखदून हसले. किती दिवसांनी.

"इथे तेल नाही, तिथे साबण नाही," ती विचार करत म्हणाली. "दोन्हीकडे एकच गोष्ट सारखी. झाकलेलं होतं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडत असेल."

"मग उजेडात?"

"बघू या."

मशीन खिडकीशी गेलं. बाबांच्या कोपऱ्यातला डाग तिने उघडा ठेवला, मधोमध फक्त एक ताट पालथं घातलं. फरक कळायला.

"जमिनीला जेवायला वाढलंय का?" जावयांनी विचारलं. दोघंही डागाकडे बघत होते.

डाग घाईने नाही गेला. आधी कडा पुसट झाल्या, मग तो कापलेला कोपरा शोधावा लागू लागला. एके दिवशी ताट उचललं, तर राखाडी जमिनीवर फक्त एक पिवळा गोल उरला होता. पुढे तोही विरला.

बाबांनी ते लोकरी कापड घेतलं, कात्रीने त्याच्या छोट्या गोल चकत्या कापल्या आणि खुर्च्यांच्या पायांना तळाशी चिकटवल्या. मग खिशातली किल्ली काढून जावयांपुढे धरली. "त्या बाजूला गेलात, तर घरमालकाला देऊन टाका."

"आणि परत मागायला आलात तर?"

"तेव्हाचं तेव्हा." त्यांनी जावयांचं वर्तमानपत्र ओढून घेतलं, मशीनखाली पसरलं आणि मशीनला पोटभर तेल पाजलं. काम होताच वर्तमानपत्र लगेच उचललं. खाली लख्ख उजेड पडला होता.