सात लाख सोळा हजार पाचशे एकोणचाळीस

हा माझा सगळ्यात लाडका आकडा. ८३, ८९ आणि ९७ या तीन मूळ संख्यांचा गुणाकार. आणखी कुठल्याही मूळ संख्येला तो दाद देत नाही.

बाबा आणि काकांच्या कारखान्यात पत्रा चुरडायचं यंत्र होतं. मधलं छोटं चाक तीन मोठ्या चाकांना फिरवायचं आणि त्या तिघांना दात बरोबर ८३, ८९ आणि ९७. चाकं भंगारातली, त्यामुळे प्रत्येकाचा एक दात वेल्डिंगचा. एकेकटा तो तग धरायचा, पण असे तिन्ही दात एकदम मधल्या चाकावर आले की यंत्राच्या चिंधड्या. म्हणून सुरू करताना तिन्ही दात मधल्या चाकाच्या जरा पुढे सरकवून ठेवायचे. मग पुन्हा त्यांची गाठ पडायला माझा लाडका आकडा! मिनिटाला दोन हजार दात, म्हणजे जवळजवळ सहा तास. आम्ही साडेपाच तासांनी थांबवायचो, आणि पहिल्या तासात बाबा बिनधास्त चाकांखाली उताणे होऊन ग्रीस भरायचे.

त्या दुपारी मी शाळेतून आले तेव्हाही खालून बाबांचे पायच दिसत होते.

"एकोणनव्वदचं काढून टाकलं," काका छाती फुगवून म्हणाले. "दुसरं सत्त्याण्णवचं मिळालं, आता दोन जुळी! आहे की नाही डोकं?"

"त्याचाही दात वेल्डिंगचा?"

"मग काय, कोरं करकरीत आणू?"

जुळी प्रत्येक फेरीत बरोबरच येणार. उरलं ८३. सत्त्याण्णव गुणिले त्र्याऐंशी, ८०५१. चार मिनिटं!

"सुरू कधी केलंत?"

"झाली असतील तीन मिनिटं."

"बंद करा! बाबा खाली आहेत!"

"भरलेलं यंत्र बंद केलं की अडकतं, गणितबाई. जा, अभ्यास कर."

मी स्विचकडे झेपावले. त्यांनी वेणी धरून मला मागे खेचलं. मी मनगटाला कडकडून चावले. कानाखाली अशी बसली की कारखाना तिरपा झाला. हाताला पाना लागला, तो मी डोळे मिटून त्यांच्या नाकावर हाणला. काहीतरी कचकन मोडलं. वेणी सुटली. स्विच राहिला बाजूला, मी बाबांचे घोटे धरले आणि सगळा जीव एकवटून ओढलं. पत्र्याच्या कडेने त्यांची पाठ सोलत गेली.

"अगं कार्टे, आई गं..."

आणि धडाड! अर्धं चाक बाबांचं डोकं होतं तिथे फरशीत घुसलं. एक दात काकांच्या मांडीत रुतला. ते कोसळून गुरासारखे ओरडायला लागले.

बाबांनी फरशीतल्या चाकाकडे पाहिलं, मग बाजूला काढून टाकलेल्या एकोणनव्वदच्या चाकाकडे. ग्रीसचा पंप उचलला आणि काकांच्या खांद्यावर घातला. एक. दोन. तीन. खरं सांगते, तीनपर्यंत मी नुसती बघत होते. चौथ्याला बाबांच्या हाताला लोंबकळले.

"पुरे, बाबा! जिवंत आहात ना? मग पुरे. आधी डॉक्टरकडे न्या त्यांना."