सुट्टी

सुताराचं घर गल्लीत ‘वासरांचं घर’ म्हणून ओळखलं जायचं. त्याची वासराएवढी ग्रेट डेन कुत्री पहिल्यांदाच बघणारा हमखास विचारायचा, “दूध किती देते हो?” सुतार न हसता सांगायचा, “चहापुरतं.” वीस वर्षं हाच विनोद चालला होता आणि त्याला त्याचा कंटाळा नव्हता. ज्याला असली कुत्री पाळायची त्यानं एवढं सोसायलाच हवं.

आता घरात एकटी थोरली उरली होती. चार वर्षांची, राखाडी, पाठ अशी सरळ की वर पट्टी ठेवावी. तिच्या आईचं नाव काकू. कोणी घरात आलं की नाक वर करून आपादमस्तक न्याहाळायची, म्हणून सुताराच्या मुलीनं शाळेत असताना हे नाव ठेवलं. दुसराही एक शब्द घरात तिनंच आणला. प्रदर्शनात कुत्र्याला उभं करायचं ते पुढचे पाय खांद्यांच्या बरोबर खाली, मागचे जरा मागे, मान वर. परीक्षकानं दात बघितले, मांड्या चाचपल्या तरी हलायचं नाही. हे सगळं ‘उभी’ या एका शब्दावर. आणि मोकळं व्हायचं ते दुसऱ्या शब्दावर. तो कुठला ठेवावा यावर बापाचं डोकं चालेना, तेव्हा पोरगी म्हणाली, “सुट्टी!” तोच ठरला.

उभं करण्यात सुताराचा हात धरणारं कोणी नव्हतं. गेल्या महिन्यात थोरली पहिली आली ती त्यामुळेच. पण टाळ्या पडत असताना याचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. तिच्या मागच्या उजव्या मांडीवर त्याचा अंगठा होता आणि अंगठ्याखाली बारीकशी थरथर. रंधा मारताना लाकडातली गाठ आधी हाताला कळते, डोळ्याला मागाहून. ही गाठ त्याच्या ओळखीची होती. काकूच्या त्याच पायात, त्याच वयात ती लागली होती. तेव्हा त्यानं डॉक्टर गाठायचं सोडून तिचा पाय दोन बोटं बाहेर सरकवला. थरथर थांबली. तशी उभी राहिली की तो तिला मटणाचा तुकडा द्यायचा. काकू शहाणी, आठवड्यात शिकली. पुढं दोन वर्षं जिंकली, थोरलीला जन्म दिला आणि सहाव्या वर्षी एका सकाळी उठलीच नाही. महिनाभर अंथरुणावर होती, त्यातच गेली. त्या महिन्यातही कोणी खोलीत आलं की पुढचे पाय रोवून उभं राहायला बघायची.

आणि तरी गेल्या महिन्यात थोरलीचाही पाय त्यानं दोन बोटं बाहेर सरकवला होता. हात आपोआप गेला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं.

आज तिला डॉक्टरांकडे आणलं होतं ते दाखल्यासाठी. खुबे निकोप आहेत असं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय श्वानपालकांचा संघ पिल्लांची नोंद करत नसे. डॉक्टरांना शंका आली तरच एक्स-रे. थोरलीसाठी नर मुलीनं स्वतः हिंडून निवडला होता. पिल्लांसाठी सुतारानं नवी पेटी केली होती, आईच्या अंगाखाली पिल्लू चिरडू नये म्हणून आतून कडेनं दांडी मारलेली. थोरलीला पिल्लं झाली नाहीत तर वीस वर्षांचा वंश इथंच संपणार होता.

“उभी,” मुलगी म्हणाली.

थोरली उभी राहिली. डॉक्टरांनी खुबे दाबले, मांड्या दाबल्या, पाय हलवून पाहिले. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“पुतळाच आहे हो,” डॉक्टर कौतुकानं म्हणाले. “हूं की चूं नाही. छान आहे.” त्यांनी खिशातून पेन काढलं.

मुलगी हसली. सुताराचं लक्ष फरशीवर होतं. उजवा पाय दोन बोटं बाहेर. या वेळी कोणी सरकवला नव्हता, तिचा तिनंच ठेवला होता.

“सुट्टी,” तो म्हणाला.

थोरलीनं फक्त डोळे वळवले. परक्याचे हात अंगावर असताना सुट्टी कधी मिळाली नव्हती, तिला ते खरं वाटेना.

“बाबा, थांबा ना, त्यांना लिहू द्या.”

सुतार गुडघे दाबत खाली फरशीवर बसला. “सुट्टी गं बाई,” तो म्हणाला. “खरंच सुट्टी.”

मग तिनं उजवा पाय उचलला. उचललेलाच ठेवला. तो लटलट कापत होता. ती कण्हली आणि आपलं सगळं धूड हळूहळू त्याच्या मांडीवर सोडून दिलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि एक्स-रेच्या खोलीचं दार उघडायला गेले.

मुलगी साखळी हातात धरून तशीच उभी होती. नजर त्या पायावर होती. ती रागावेल, पिल्लांचं काही बोलेल, असं त्याला वाटलं.

“काकूलाही हेच होतं?”

त्यानं मान डोलावली.

“शेवटच्या महिन्यात ती सारखी उठायला बघायची, बाबा. तिला कधी म्हणालात, सुट्टी?”

सुताराचा हात थोरलीच्या मानेवर थांबला.

“नाही,” तो म्हणाला. “राहूनच गेलं.”