खिशातले हात

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईनासं झालं की आपण काय करतो? आपण आवाज वाढवतो. कानाचं यंत्र आणायचं राहतं बाजूला, आणि घरातली झाडून सगळी माणसं ओरडून बोलायला शिकतात. शेजाऱ्यांना वाटतं, या घरात रोजच भांडण चालतं. तुमच्या-माझ्या घरात घडणारी ही गोष्ट आहे, तेव्हा लाजायचं काही कारण नाही.

आपल्या गोष्टीतल्या मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी हजारो लोकांचे आवाज हजारो लोकांपर्यंत पोचवले, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उशाशी फोन वाजला तरी त्यांना कळत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत त्या एकट्या राहत. त्यांनी लहानाची मोठी केलेली भाची त्याच गावात राहायची. ती रोज फोन करायची, फोन वाजून वाजून गप्प व्हायचा, मग ती जीव मुठीत धरून तीन जिने चढायची. वर पोचावं तर मावशी खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत असायच्या आणि वर हिलाच विचारायच्या, एवढी धापा का टाकतेस म्हणून.

भाचीच्या नवऱ्याने यंत्रं आणून द्यायची तयारी कितीदा तरी दाखवली. मावशींनी तितक्यांदा नकार दिला. कान त्यांचे, तेव्हा खर्चही त्यांचाच, असं त्यांचं म्हणणं. आपण सोय करतोय, एवढं त्या शेवटी म्हणाल्या. कसली सोय ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवलेल्या बाईकडून ते काढून घेणं कुणाला जमणार?

हा भाचजावई म्हणजे आपला पारखी. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. जुन्या चिनी मातीच्या वस्तूंचा त्याचा व्यापार. बशी उलटी करायची, बुडावरून अंगठा फिरवायचा, बोटाच्या पेराने एक टिचकी मारायची आणि तिचं वय सांगायचं, यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. माणूस सरळ होता. त्याने कधी नवी बरणी जुनी म्हणून विकली नाही, की तडा गेलेला पेला रंगवून कुणाच्या गळ्यात मारला नाही. आपण धंद्यात खोटं बोलत नाही, हे तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि ते खरंही होतं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुन्या सभागृहात लिलाव भरायचा. कुणाचं घर मोडलेलं असे, कुणाचं लहान झालेलं असे. त्या घरांतली कपाटं, घड्याळं, आरसे, पेले-ताटं तिथे यायची. वस्तू कुणाची हे यादीत नसे, नुसता क्रमांक असे. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या ठरलेल्या होत्या. मधली घड्याळवाल्या काकांची, डावीकडची आरसेवाल्याची आणि उजवीकडची पारखीची. आणि या तिघांची एक रीत होती.

रीत अशी, की एखादी वस्तू खरंच चांगली निघाली तर तिघांपैकी एकानेच बोली लावायची. बाकीच्या दोघांनी हात खिशात घालून छताकडे बघायचं. मागे बसलेले लोक तरी काय करणार? त्यांना बशीतलं काही कळत नव्हतं, त्यांना पारखी कळत होता. पारखीचा हात वर गेला नाही म्हणजे वस्तूत दम नाही, असं समजून तेही गप्प बसायचे. वस्तू जायची मातीमोल. मग लिलाव संपला की तिघं कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जमायचे आणि तिथे खरी बोली व्हायची. चिठ्ठ्या लिहायच्या, ज्याचा आकडा मोठा त्याने वस्तू घ्यायची, वरचा फायदा तिघांनी वाटून घ्यायचा. याला ते 'दुसरी फेरी' म्हणायचे. पंधरा वर्षं हे चाललं होतं. एकमेकांशी भांडण नाही, तंटा नाही. काका तर याला भाईचारा म्हणायचे. मंडळी, चार माणसं मिळून पाचव्याला बुडवतात, तेव्हा त्याला फार गोड नावं सापडतात.

त्या शनिवारी एक बरणी आली. पांढरी, अंगावर निळ्या वेली, पोट भरलेलं आणि खांदे उतरते. झाकणाची मूठ तुटलेली होती, तिच्या जागी कुणीतरी दोऱ्याचं लाकडी रीळ चिकटवून त्याला निळा रंग फासला होता. ते रीळ बघून तिघं पोट धरून हसले. पण पारखीने बरणी उलटी केली, अंगठा फिरवला आणि त्याचं हसू थांबलं. दोनशे वर्षांची तरी होती. त्याने काकांकडे बघून नुसता गळा खाकरला. एवढी खूण पुरे होती.

बोली काकांनी लावली. लिलाव करणाऱ्या बाईंनी हातोडा वर धरून सभागृहभर नजर फिरवली, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पारखीचे हात खिशात होते. हातोडा पडला. चहाच्या दुकानात पारखीची चिठ्ठी मोठी निघाली. सभागृहातल्या बोलीच्या नऊ पट! तरीही सौदा स्वस्तच होता.

स्वारी खुशीत घरी आली. बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याने बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, बरणीकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसली. त्याला वाटलं, बरणी आवडली. ती त्या रिळाला हात लावून म्हणाली, "हा रंग मी दिलाय."

सात वर्षांची असताना तिच्या हातून ती मूठ फुटली होती. ती रडून रडून पलंगाखाली जाऊन बसली, तेव्हा मावशींनी शिवणाच्या डब्यातलं रीळ काढून झाकणाला चिकटवलं आणि तिच्या हातात शाळेची रंगपेटी दिली. पुढे घर बदललं, लहान खोली आली, आणि बरणी चादरीत गुंडाळून ट्रंकेत गेली. पारखीच्या नजरेला ती कधी पडलीच नव्हती. कानाच्या यंत्रांची सोय म्हणजे काय, ते दोघांनाही एकदमच कळलं.

पारखीने आधी बचाव केला, कुणीही करेल तसा. मला काय माहीत कुणाची ते? यादीत नाव नसतं. बोली मी लावलीच नाही, कुणाला भाव पाडून सांगितला नाही, एक शब्द खोटा बोललो नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं. शब्दाचं राहू द्या, ती म्हणाली, उद्या हे मावशीला तुम्हीच सांगा. आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्या जेवणात मीठ होतं की नव्हतं हे पारखीला आठवत नाही.

सकाळी बरणी उराशी धरून तो तीन जिने चढला. मावशींनी दार उघडलं आणि बरणी बघून त्यांचा चेहरा खुलला.

"घड्याळवाल्यांकडून मागून घेतलीत होय? बरं केलंत. घरात राहिली." त्यांनी त्याला खुर्ची दिली. "मी काल आले होते, शेवटच्या रांगेत. ऐकू तर काही येत नव्हतं, पण हात दिसत होते. तुमचा हात वर गेला नाही तेव्हाच समजले, वस्तू साधी असणार. जावईबापूंना नको ते कुणाला हवं असणार? इतकी वर्षं उगाच चादरीत जपली म्हणून मला हसूच आलं."

पारखीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तो खाली मान घालून पुटपुटला, की आम्ही ते ठरवून केलं होतं.

"मोठ्याने बोला."

तो थोडा मोठ्याने बोलला. मावशींनी कानामागे हात धरला. पंधरा वर्षं ज्या गोष्टीसाठी गळा खाकरणं पुरत होतं, ती आता घसा फोडून सांगावी लागणार होती!

"आम्ही तिघं ठरवून एकमेकांवर बोली लावत नाही," तो ओरडला. "चांगल्या वस्तूचा भाव पडावा म्हणून मुद्दाम हात खिशात ठेवतो. ही बरणी साधी नव्हती, मावशी. मला ते ठाऊक होतं!"

समोरच्या खोलीचं दार उघडलं. जिना झाडणारी बाई झाडू थांबवून वर बघू लागली. पारखीचे कान लाल झाले, पण सांगून झालं होतं, आणि गंमत म्हणजे त्याची छाती जरा हलकी झाली होती.

मावशींनी त्या रिळावरून बोट फिरवलं. मग त्या शांतपणे बोलू लागल्या.

"मी कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट. एका बाईचा फोन आला. मी कंटाळले होते, तार जोडलीच नाही. खोटं काही बोलले नाही हं, नुसती गप्प बसले. तिला वाटलं, पलीकडे घरी कुणी नाही. तिचा भाऊ तिच्या फोनची वाट बघत बसला होता आणि त्याच दुपारी तो कायमचा परदेशी निघून गेला. तिने नंतर येऊन मला विचारलं, तेव्हा मी हेच म्हणाले, मी कुठे काय बोलले? ती म्हणाली, तुमचं गप्प बसणंच मी खरं मानलं ना. त्यानंतर मी एक तार चुकवली नाही."

पारखीने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बरणीची खरी किंमत त्यात होती. मावशींनी ते लगेच उचललं; हे दान नाही, माझं मला मिळालं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"मी तुमची मावशी निघाले म्हणून तुम्ही तीन जिने चढून आलात. मागच्या महिन्यात काय घेतलंत?"

फुलांचे सहा पेले, त्याने ओरडून सांगितलं.

"ते कुणाच्या मावशीचे होते?"

 पारखी उठला आणि आला तसा जिने उतरून गेला.

पुढच्या लिलावाच्या सकाळी त्याने काकांना स्पष्ट सांगून टाकलं, की आजपासून दुसऱ्या फेरीत मी नाही. काका हसले. चहाला नाही आलास तरी चालेल, ते म्हणाले, हात तेवढे खिशात ठेव. पारखीने नकारार्थी मान हलवली तेव्हा त्यांचं हसू गेलं. या धंद्यात तुला बोटाला धरून मीच आणलं, हे त्यांनी ऐकवलं, आणि आम्ही दोघांनी मनात आणलं तर तुझ्या दुकानाचं दार महिनाभरात बंद होईल, हेही ऐकवलं. ती पोकळ धमकी नव्हती, हे पारखीला माहीत होतं.

दुपारी हिरव्या काठाची चोवीस ताटं आली. एकही टवका उडालेला नाही. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जपून धुतली होती. काकांनी पहिली, अगदी हलकी बोली लावली. आरसेवाला छताकडे बघू लागला. लिलाव करणाऱ्या बाईंनी सवयीने पारखीवरून नजर पुढे नेली. दोनदा विचारून झालं. पारखीचे हात खिशात होते. पंधरा वर्षांची सवय, हात बाहेर यायलाच तयार होईना. हातोडा वर गेला.

पारखीने हात वर केला! नुसता वर केला नाही, तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून.

सभागृहात कुजबुज झाली. पारखी बोली लावतोय म्हणजे ताटं खरी आहेत! मागून एक हात वर आला, मग खिडकीशी बसलेल्या एका जोडप्याचा, मग आणखी एक. काका चढले, पारखी चढला, आणि थोड्याच वेळात भाव दोघांच्याही पुढे निघून गेला. ताटं त्या जोडप्याला मिळाली. तुला काय मिळालं यातून, असं काकांनी दात आवळून विचारलं. काही नाही, असं पारखी म्हणाला, आणि हसला.

हातोडा पडला तेव्हा शेवटच्या रांगेत एक म्हातारी बाई दचकली होती. दोन्ही कानांत नवी यंत्रं घालून मावशी आल्या होत्या. लिलाव संपल्यावर त्यांनी जावयाला बजावलं, की इतकं ओरडून बोलायचं काही कारण नाही, माणसाने बेताने बोलावं.

पुढचे दोन महिने काका आणि आरसेवाला पारखीशी बोलले नाहीत. जुन्या दोन गिऱ्हाइकांना काकांनी फोडलं, ते नुकसान त्याने सोसलं. पण तिसऱ्या महिन्यात आरसेवाल्याचा एक हात खिशातून बाहेर आला, आणि एकट्याने चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, त्यामुळे चहाच्या दुकानात आता फक्त चहा मिळतो. फुलांचे पेले कुणाचे होते ते पारखीने लिलाव करणाऱ्या बाईंना विचारून शोधून काढलं. तिथेही त्याला जिने चढावे लागले. तिथल्या आजोबांना सुदैवाने नीट ऐकू येत होतं.

मंडळी, आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, यावर आपण फार खूश असतो. पण आपल्या शब्दावर ज्यांचा भरवसा असतो, त्यांचा आपल्या गप्प बसण्यावरही तेवढाच भरवसा असतो. जाणत्या माणसाने ठरवून पाळलेलं मौन हेसुद्धा बोलणंच आहे, आणि त्यातून दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर ते खोटं बोलणं आहे. आपला माणूस बुडाला की आपल्याला हे कळतं. परका बुडत असतानाही कळलं पाहिजे.

हिरव्या काठाची ती चोवीस ताटं कुणाची होती, हे पारखीला आजही माहीत नाही. ते विचारायचं नाही, असं त्याने ठरवलं आहे.